बँड फुटल्यावरचं देणं

२००८ साली ब्रिटनमधल्या टीव्हीवर लोण्याची एक जाहिरात लागायची. ट्वीडचा कोट घातलेला पन्नाशीचा एक माणूस हिरव्यागार शिवारात हिंडतोय आणि ब्रिटिश लोणी का घ्यावं ते सांगतोय. हा माणूस म्हणजे जॉन लायडन, एके काळचा जॉनी रॉटन, 'सेक्स पिस्टल्स'चा गायक. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या पंचविशीचा सोहळा देशभर चालू असताना यानेच राणीवर जे गाणं गायलं ते बीबीसीने वाजवायचं नाकारलं होतं. जाहिरात पाहून जुने चाहते भडकले. लायडनने त्या पैशातून आपला दुसरा बँड, 'पब्लिक इमेज लिमिटेड', पुन्हा उभा केला. त्याने चाहत्यांचं समाधान झालं असं काही नाही.

फुटलेल्या बँडमधली माणसं आता काय करतात हे वाचायला मला फार आवडतं. रात्रीचं डिप्लॉयमेंट चालू असतं, स्क्रीनकडे बघत बसण्यापलीकडे काम नसतं, तेव्हा मी हेच वाचतो. वॉशिंग्टनच्या 'मायनर थ्रेट'चा गिटारवाला पुढे वकील झाला. 'डिसेंडेंट्स'चा गायक मायलो ऑकरमन बायोकेमिस्ट. त्याने ड्यूपाँट कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी केली. इंग्लंडच्या 'क्रास'ने १९८४ मध्ये गाशा गुंडाळला, आणि त्यांचा ड्रमर पेनी रिम्बॉ मात्र जिथे सगळे एकत्र राहायचे त्याच जुन्या घरात राहत राहिला. वाचता वाचता डोक्यात आपोआप गुणपत्रिका तयार होते. हा टिकला. हा विकला गेला. हा बिचारा. गुण देणारा मी, आणि मी यातल्या एकाच्याही मैफिलीला कधी गेलेलो नाही. मग हा मास्तरकीचा अधिकार मला दिला कुणी?

मराठीत हा प्रश्न गिटारवाल्यांबद्दल विचारून भागत नाही. सभ्य दिवाणखान्यात शिरून टेबल उलटं करायचं काम आपल्याकडे कवितेने आणि लिटल मॅगझिनने केलं, आणि त्यातून जी संघटना उभी राहिली ती दलित पँथर.

१९७२ च्या उन्हाळ्यात मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे ही लिहिणारी मंडळी एकत्र आली. ढसाळ तेव्हा २३ वर्षांचे होते, म्हणजे आज मी आहे त्याहून लहान. त्याच सुमारास आमच्या मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात, दलित स्त्रियांची विटंबना झाली होती, आणि रिपब्लिकन पक्षाचे पुढारी आपापले गट सांभाळण्यात गुंतले होते. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. (त्या मूळ पँथरांपैकी बॉबी सीलने पुढे बार्बेक्यूच्या पाककृतींचं पुस्तक काढलं. हेही मी रात्रीच वाचलं.) १५ ऑगस्टला 'साधना'त ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला आणि गदारोळ उडाला. तेंडुलकरांची प्रस्तावना असलेला 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. १९७३ मध्ये जाहीरनामा निघाला आणि भांडणही त्याच्यावरूनच लागलं: यात मार्क्स किती आणि बुद्ध किती. पुढच्याच वर्षी ढसाळ बाजूला पडले. मार्च १९७७ मध्ये ढाले आणि पवार यांनी संघटना बरखास्त केल्याचं जाहीर केलं. पाच वर्षं. चांगल्या पंक बँडचं आयुष्य साधारण एवढंच असतं.

तुलना याच्यापुढे ताणली तर तुटते, आणि ती जिथे तुटते तिथेच माझ्या प्रश्नाचं उत्तर असावं असं मला वाटतं. पिस्टल्सच्या मैफिलीत लोक एकमेकांवर थुंकायचे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि काही दिवसांतच मोर्चात चालणाऱ्या भागवत जाधव नावाच्या तरुणाच्या डोक्यात वरून दगड घालून त्याला मारलं गेलं.

बरखास्तीनंतर कोण कुठे गेलं हे मराठी वाचकाला साधारण ठाऊक असतं. ढसाळांनी आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली होतीच; पुढे ते 'सामना'त सदर लिहू लागले. वरळीत ज्यांच्याशी डोकी फुटली त्या शिवसेनेचंच हे मुखपत्र. १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली. आजारपणाने शरीर पोखरलं, कविता मात्र थांबली नाही. २०१४ च्या जानेवारीत ते गेले. ढाले बुद्ध-फुले-आंबेडकरांचा धागा धरून बसले, वाद घालत राहिले, २०१९ मध्ये गेले. ज. वि. पवारांनी आंबेडकरोत्तर चळवळीचा इतिहास खंडामागून खंड लिहिला. डांगळ्यांनी दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह संपादित केला, 'पॉयझन्ड ब्रेड', १९९२. बरखास्ती न मानणाऱ्यांनी भारतीय दलित पँथर काढली. त्यात अरुण कांबळे होते, आमच्या औरंगाबादचे गंगाधर गाडे होते आणि रामदास आठवले होते. आठवले १९९० मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात गेले आणि २०१६ पासून केंद्रात भाजपप्रणीत सरकारात राज्यमंत्री आहेत.

आता गुणपत्रिका काढा. ती काढायला फार वेळ लागत नाही, आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास नाही.

माझ्या धंद्यातलं एक प्रकरण सांगतो. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचं एका पॅकेजच्या नावावरून एनपीएमशी भांडण झालं. जावास्क्रिप्टचा कोड ज्या सार्वजनिक भांडारात ठेवला जातो ते हे एनपीएम. रागाच्या भरात त्याने आपलं तिथलं सगळं काम काढून घेतलं. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा एक तुकडा होता. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. पण जगभरातले हजारो प्रकल्प त्या ११ ओळींवर टेकून उभे होते, आणि ते एकदम कोसळू लागले. काही तासांत एनपीएमने तो तुकडा परत जागेवर ठेवला, आणि कोड मुक्त परवान्याखाली असल्यामुळे त्यांना तसं करताही आलं.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या परवान्यातलं ठरावीक कलम. जवळजवळ प्रत्येक मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात ते असतं: हे घ्या, वापरा, मोडा, जोडा, पण आम्ही कसलीही हमी देत नाही. कोचुलूवर चिडलेल्यांना ते कलम वाचून दाखवता येत होतं. एकदा दिलेलं परत घेता येत नाही, हे त्याच्या बाजूचं बंधन. उद्याही तो आपल्यासाठी राबेल ही अपेक्षा धरायची नाही, हे आपल्या बाजूचं.

गाण्याचंही असंच असतं. लायडनने राणीवर गाणं गायलं, लोकांनी ते विकत घेतलं, वाजवलं, नाचले. गाणं त्यांचं झालं. लोण्याच्या जाहिरातीने त्यातला एक सूरही बदलला नाही. चिडलेल्या चाहत्याचं लायडनकडे येणं काहीच निघत नाही. निघत असलंच तर रेकॉर्डचे पैसे, आणि त्या पैशात त्याला रेकॉर्ड मिळाली होती. 'गोलपिठा'लाही मी हाच न्याय लावतो. तो १९७२ चा मजकूर आहे. 'सामना'तल्या सदरामुळे त्यातली एक ओळ खोटी पडत नाही. ढसाळांचं राजकारण पटत नाही म्हणून ती कविता वाचायची नाही असं म्हणणारा माणूस मुळात कविता वाचणाराच नसावा, अशी मला शंका येते.

पण पँथरने फक्त कविता लिहिली नव्हती. जाहीरनामा काढला होता, सभा घेतल्या होत्या, गावोगावी जाऊन लोकांना उभं राहा म्हणून सांगितलं होतं. हमी नसल्याचं कलम आवाहनाला नसतं. 'या' म्हणणारा आणि येणारा यांच्यात जे तयार होतं ते गायक आणि श्रोत्यामधल्या नात्याहून फार वेगळं असतं, कारण येणारा काहीतरी पणाला लावून येतो.

आणि लावलं गेलंही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावंच्या गावं दलित वस्त्यांवर चालून गेली, घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत मातंग समाजातल्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं. तारखा जुळवून पाहा. मुंबईत संघटना बरखास्त होऊन तेव्हा सोळा महिने झाले होते. पण मुंबईत बरखास्ती जाहीर झाली म्हणून टेंभुर्णीतला 'जयभीम' मागे घेता येत नव्हता. बँड फुटला तरी गाणं वाजतच राहिलं होतं, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यातले बहुतेक बँडमधले नव्हते. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी. (पिस्टल्सचा फुटण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम सॅन फ्रान्सिस्कोत झाला तोही १४ जानेवारीला, १९७८ मध्ये. याला काही अर्थ नाही, पण एकदा लक्षात आल्यावर मला ते विसरता येत नाही.)

या माणसांचं, त्यांच्या मागे राहिलेल्यांचं, त्या शब्दांच्या धन्यांकडे येणं निघतं असं मी मानतो. काय येणं? आयुष्यभर तिथेच उभे राहा, हे नव्हे. माणूस बदलतो, थकतो, औषधाला पैसे लागतात, आणि सत्तेच्या बाहेर राहून वस्तीत नळ येत नाही हेही खरं आहे. आठवल्यांनी केलेल्या युत्यांवर हसणाऱ्यांनी हा मुद्दा एकदा नीट तपासावा. येणं आहे ते उत्तराचं. तुम्ही या म्हणालात, आम्ही आलो, आता तुम्ही दुसरीकडे निघालात. का निघालात ते आम्हाला, आमच्या अंगणात येऊन, सांगा. पटेल न पटेल. विचारायचा हक्क मात्र त्यांचाच.

आणखी एक धनको असतो, तो बँडच्या गोष्टीत सहसा सापडत नाही. १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. शाहीर अमर शेखांची मुलगी, ढसाळांची बायको, स्वतः कवयित्री. क्रांतीच्या धामधुमीत घरात काय चाललं होतं याचा तो हिशोब आहे, आणि तो वाचल्यावर 'टिकला की विकला गेला' हा प्रश्नच पोरकट वाटायला लागतो. त्या हिशोबात पक्ष बदलणं ही बाब फार खाली येते. ज्या काळाला आपण सोनेरी म्हणतो, ज्या काळाशी त्यांनी बेइमानी केली असं म्हणतो, त्याच काळातली थकबाकी तिथे लिहिलेली आहे.

आमचाही एक बँड होता, हे इथे सांगायला हरकत नाही. इंजिनिअरिंगला असताना चौघं. सेकंड हँड गिटार, ड्रमच्या जागी बरेचदा होस्टेलचं कपाट. दोन गॅदरिंगमध्ये वाजवलं, दुसऱ्या वेळी मधेच वीज बंद केली गेली. आज एक जण गंगापूरकडे कृषी सेवा केंद्र चालवतो, एक बँकेत आहे, एक कॅनडात, आणि मी वाळूजच्या रस्त्यावरच्या फ्लॅटमधून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. 'आपण विकले गेलो यार', असं आम्ही भेटलो की एकदा तरी कुणीतरी म्हणतं आणि सगळे खूश होतात. पण आमच्या गाण्यांवर कुणी घर पणाला लावलं नव्हतं. त्यामुळे आम्ही कुणाचं काहीच लागत नाही, आणि विकले गेलो म्हणण्याचा मानही खरं तर आमचा नाही.

मग माझ्यासारख्याने, ज्याने काही लावलं नाही, ढसाळांवर चिडायचं कशासाठी? मला वाटतं आपण त्यांना तेवीस वर्षांचं ठेवू पाहतो ते आपल्या सोयीसाठी. हप्ते आपले, पगारवाढ आपली, आणि बंड मात्र त्यांनी आपल्या वतीने चालू ठेवायचं. मध्यमवर्गाला ढसाळ कामाठीपुऱ्यातच हवे असतात. ते तिथून कुठेही निघाले, मग ते पद्मश्रीकडे असो की दवाखान्याकडे, की आपल्याला फसवल्यासारखं होतं. यातली फसवणूक खरी ज्यांची झाली असेल ती माणसं या चर्चेत फारशी नसतातही.

या शहरात १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी होते. विद्यापीठाच्या नावानंतर आता शहराचंही नाव बदललं आहे. नावाला इथे काय किंमत पडते हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला वेगवेगळ्या गटांचे मंच असतात, प्रत्येकाचा भोंगा वेगळा, प्रत्येकाचं पँथरशी असलेलं नातं वेगळं. मधे पुस्तकांचे स्टॉल. तिथे ढाले आणि ढसाळ एकाच ताडपत्रीवर शेजारी शेजारी पडलेले असतात. गावाकडून आलेली माणसं, पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, बहुतेक मंचांसमोरून न थांबता पुढे जातात. गेटपाशी पोचतात, हात जोडतात, पोराला उचलून वरचं नाव दाखवतात, आणि मग कुठेतरी सावली बघून भाकरी सोडतात.