हाताचा अंदाज

साहित्यिकाला प्रेरणा कोठून मिळते, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे ठरलेली आहेत. कुणी गरिबीचे नाव घेतो, कुणी दंगलीचे, कुणी मोहल्ल्याचे, कुणी वाचलेल्या पुस्तकांचे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या काळापासून आपल्या लेखकांनी आपले जगणे मराठीत मोठ्या हिमतीने मांडले. त्या लेखनात अम्मीच्या हातचा शीरखुर्मा आहे, नानीच्या हातच्या शेवया आहेत, मोहरमचे चोंगे आहेत, शबे-बरातचा हलवा आहे. वाचताना तोंडाला पाणी सुटते आणि डोळ्यांतही येते. पण जिच्या हाताने हे सारे घडले तिला आपण ‘प्रेरणा’ म्हणतो, ‘निर्माती’ म्हणत नाही. हा फरक केवळ शब्दाचा आहे, की त्यामागे एक जुना अन्याय आहे?

पहिला आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. स्वयंपाकात निर्मिती कसली? तीच शेवई, तेच दूध, तोच खारीक-खोबऱ्याचा मेळ. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावातच कृती सांगून टाकलेली. कवी नवे बोलतो, आई जुनेच रांधते, असा हा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद करणाऱ्याने उन्हाळ्यात शेवया होताना पाहिलेल्या नसाव्यात.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, मलकापूर-नांदुऱ्यापासून मेहकर-चिखलीपर्यंत, उन्हाळा म्हणजे वाळवणाचा मोसम. गहू ओलवायचा, सुकवायचा, दळायचा, पीठ कपड्यातून चाळून घ्यायचे. मग घट्ट कणीक तिंबायची आणि तेलाचा हात लावत पाटावर एकेक धागा ओढायचा. बाजेवर, काठीवर त्या शेवया सुकत पडायच्या. कणकेत पाणी किती, हे कुठे लिहिलेले नसते. गहू कोणता, हवा कोरडी की दमट, यावर ते ठरते. शेजारच्या काकू कुरड्या घालायला बोलवत आणि आपल्या खाला त्यांच्याकडे जात. त्याच काकू मग शेवयांना हात लावायला आपल्या अंगणात येत. आता बहुतेक घरांत यंत्राच्या नाहीतर दुकानाच्या शेवया येतात. त्याबद्दल गळे काढायचे कारण नाही, त्या कामाने कंबर मोडत असे. पण ते काम बुद्धीचे होते, हे मात्र विसरता कामा नये.

शिवाय आपला सण एका जागी थांबत नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे सुमारे ३३ वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. १९९९ साली तो डिसेंबरच्या थंडीत सुरू झाला होता. २०१८ आणि २०१९ साली तो वऱ्हाडच्या मे महिन्यात आला, जेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. २०२४ आणि २०२५ साली तो मार्चमध्ये होता. थंडीतल्या सहरीला जे चालते ते मे महिन्यातल्या सहरीला चालत नाही. उन्हाळ्यात दूध नासते, पावसाळ्यात शेवईला दमट वास येतो, कधी महागाईमुळे काजू-बदामाच्या जागी शेंगदाणे आणि खोबरे येते. बाहेरून पाहणाऱ्याला परंपरा जशीच्या तशी दिसते. ती तशी दिसावी म्हणून आत कुणीतरी दरवर्षी नवा विचार केलेला असतो. छंद तोच ठेवून दर वेळी नवा शेर लिहिणाऱ्याला आपण शायर म्हणतो, मग हिला काय म्हणायचे?

मीठ किती, असे विचारले की घरातली बाई सांगते, ‘अंदाजाने.’ आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे लोक. हा शब्द ऐकला की आम्ही थबकतो. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत ‘अदमास’ या अर्थाने राहिला. उर्दूत तोच शब्द शायराच्या शैलीसाठीही वापरतात. अमक्याचा अंदाज वेगळा, असे आपण म्हणतो ते त्याच्या लिहिण्याच्या धाटणीला. स्वयंपाकघरातला अदमास आणि शायरीतली शैली या दोन्हींना एकच शब्द मिळाला. भाषेने जे ओळखले ते आपण ओळखले नाही. अंदाज म्हणजे अज्ञान नव्हे. शेकडो वेळा चुलीपुढे बसून, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचे दात पडलेत, किती पाहुणे वाढतील, हे सारे मनात धरून हाताने घेतलेला तो निर्णय असतो.

या हाताकडून साहित्याने फार पूर्वीपासून उसने घेतले आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ रचले गेले. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ साली त्यांच्यावर अभ्यासपूर्ण लेखन केले. बायका दळताना म्हणतील अशी ही गीते. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे ‘अलिफ’, म्हणजे अल्लाहची खूण, अशी रूपके आहेत. तसव्वुफसारखा अवघड विषय दखनच्या घरांत शिरला तो मदरशाच्या दारातून कमी आणि जात्याच्या पाळीवरून जास्त. दळतानाची लय बाईची होती, सूफींनी तिच्यात आपला अर्थ भरला. आज चक्कीनाम्यांच्या कर्त्यांपैकी काही सूफींची नावे सापडतात. ज्या बायकांच्या कंठातून ती लय आली त्यांचे एकही नाव सापडत नाही.

आमच्या जिल्ह्याला लागूनच खानदेश आहे. तिथल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहू-वाचू शकत नव्हत्या. जाते, चूल, शेत, सण यांतून त्यांना कविता सुचली. फरक एवढाच झाला की त्यांच्या घरात ती उतरवून घेणारे हात होते. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी गाणी टिपून ठेवली, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले आणि १९५२ साली पुस्तक निघाले. टिपून घेणारे नसते तर बहिणाबाईही ‘प्रेरणा’च राहिल्या असत्या. सोपानदेवांनी स्वतःच्या कवितेत ‘माझी आई छान ओव्या म्हणायची’ एवढे लिहून विषय संपवला असता तरी कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी आईचे आईच्या नावावर ठेवले. आम्हांला वाटते, नैतिक प्रश्नाचे उत्तर या एका कृतीत आहे.

राजांच्या पाकशाळेचे मात्र सगळे लिहून ठेवलेले आहे. माळव्याच्या सुलतान गियासशाहसाठी इ.स. १५०० च्या सुमारास मांडू येथे ‘नेमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ तयार झाला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या चित्रांत रांधणाऱ्या, वाढणाऱ्या दासी दिसतात; ग्रंथ ओळखला जातो तो सुलतानाच्या नावाने. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातले पदार्थ वजन-मापांसह दिले आहेत. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना आपल्या लोणारचाही उल्लेख येतो. लोणारच्या खाऱ्या पाण्याची नोंद झाली. त्या गावातल्या चुलीवर काय शिजत होते आणि कोण शिजवत होते, त्याची झाली नाही.

आता दुसरी बाजू. या हातांचे कौतुक करताना एक धोका असतो, आणि तो आमच्या वर्गात आम्हांला दिसतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दहावीची परीक्षा आणि रमजान मार्चमध्ये एकत्र आले. परीक्षा देणारा मुलगा सहरीला उठतो, जेवतो, फजर पढून पुस्तक उघडतो. परीक्षा देणारी मुलगी त्याच्या तासभर आधी उठते, रोट्या भाजते, भांडी घासते आणि मग पुस्तक उघडते. दोघांचा रोजा एकच, दोघांची प्रश्नपत्रिका एकच. ‘अम्मीच्या हाताची चव’ म्हणून आपण जे गातो, त्या गाण्याच्या जोरावर त्या मुलीचा हा तास हिरावला जात असेल, तर ते कौतुक नव्हे, गोड बोलून लावलेली बेडी आहे. हजरत आयेशांच्या रिवायतीत आहे की पैगंबर साहेब (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. ही सुन्नत आपल्या तकरिरींमधून फार क्वचित ऐकू येते. चूल जर कलेची जागा असेल, तर ती मुलांनाही शिकवावी; आणि ओझे असेल, तर ते एकटीच्या डोक्यावर ठेवू नये.

निबंधाच्या तासाला ‘ईद’ हा विषय दिला की चाळीस वह्यांत एकच निबंध सापडतो. नवे कपडे, ईदगाह, गळाभेट, ईदी. ‘ईदच्या आदल्या रात्री तुमच्या घरात कोण सर्वांत उशिरा झोपते आणि काय करत असते?’ असे विचारले की प्रत्येक वही वेगळी होते. खारका भिजत घातलेल्या असतात, चारोळी निवडायची असते, चुलीवर दूध असते, कुणाच्या तरी कुर्त्याला गुंडी लावायची राहिलेली असते. मुलांना भाषा तिथे सापडते, कारण तिथे त्यांनी स्वतः काही पाहिलेले असते. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ उर्दू शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. तिच्यातला हमीद जत्रेत तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना दादीची बोटे भाजतात हे त्याने पाहिलेले असते. बाकीची मुले खेळणी पाहतात. याला खेळण्यांच्या गर्दीतही दादीची बोटे दिसतात. कल्पनाशक्ती याहून वेगळी काय असते? आणि हमीदची कल्पनाशक्ती दादीचे गुणगान करून थांबत नाही, तिच्या हाताला चिमटा देते. घरच्या चुलीपासून प्रेरणा घेणाऱ्या प्रत्येक लेखकाने स्वतःला विचारावे, आपण चिमटा दिला का?

घरगुती परंपरांचा विषय निघाला की आणखी एक वाद उभा राहतो, तो टाळणे बरे नव्हे. रजबचे कुंडे, मोहरमचे चोंगे आणि शरबत, शबे-बरातचा हलवा, ग्यारवीची नियाज, दर्ग्यावरचा मलिदा. यांना काही जण बिदअत म्हणतात, काही जण अकीदतीने करतात. एकाच घरात सासूचा एक मसलक आणि सुनेचा दुसरा, असेही होते. शरियतचा निर्णय देणे आमचे काम नाही, ते उलेमांचे. पण एक गोष्ट आम्ही विचारू शकतो. हलवा बंद झाला तेव्हा हलव्याबरोबर गल्लीत फिरणारे ताटही बंद झाले का? आमच्या वऱ्हाडात ‘वानोळा’ असा सुंदर शब्द आहे. शेतात नवे पिकले, घरात नवे शिजले, की थोडे दुसऱ्याकडे धाडायचे. दिवाळीचे फराळ आपल्याकडे येते, शीरखुर्म्याचा डबा तिकडे जातो आणि आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नसते. रस्सा शिजवताना पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही शिकवण हदीसमध्येच आहे. तिच्यावर कोणत्याही मसलकाचा वाद नाही. ज्याला हलवा सोडायचा त्याने सोडावा. ताट सोडू नये. २०२० च्या मे महिन्यातली ईद टाळेबंदीत आली, नमाज घरातच झाली, डबे दारातून बाहेर पडले नाहीत. शीरखुर्मा त्या वर्षीही शिजला, पण गोडी कमी होती, असे घरोघरी म्हणत होते. साखर तेवढीच होती.

यातच या कलेचा नियम दडला आहे. ती एकट्यासाठी होत नाही. चित्र काढून पेटीत ठेवता येते, गझल वहीत मिटून ठेवता येते. रांधलेले मात्र त्याच दिवशी वाटावे लागते. आपल्या दीनने या वाटपाला मापही दिले आहे. सदका-ए-फित्र साअच्या मापाने ठरतो आणि ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरी चूल पेटल्यावर आपण शीरखुर्मा प्यावा. कुर्बानीच्या गोश्तचे तीन हिस्से करण्याची रीत आहे. चव अंदाजाने, पण हक्क मोजून. दुसऱ्याचा हिस्सा ‘अंदाजाने’ दिला की तो नेहमी कमीच भरतो.

लेखकाने हेच लक्षात घ्यावे. घरच्या चुलीकडून जे घेतले, त्यातला त्या हातांचा हिस्सा अंदाजाने देऊ नये. नानीची कृती सांगायची तर नानीचे नाव सांगावे. तिला बोलता येते, तर तिच्या बोलीत उतरवून घ्यावे. तिला लिहिता येते, तर आपली लेखणी बाजूला ठेवून तिच्यापुढे वही ठेवावी. बहीण दहावीला असेल तर सहरीची रोटी आपण भाजावी. पहिल्या दिवशी ती वेडीवाकडी होईल, करपेल. महिनाभरात हाताला अंदाज येईल. त्यानंतर अम्मीच्या हाताबद्दल जे लिहू, त्यात कौतुक थोडे कमी असेल आणि खरेपणा जास्त.