एकरी किती झडलं?

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात दोन माणसं भेटली की तब्येतीच्याही आधी एक प्रश्न येतो: "औंदा एकरी किती झडलं गा?" उत्तर क्विंटलमध्ये मिळतं, पण ऐकणारा त्या आकड्यावरून समोरच्या माणसाचं वजन करत असतो.

आमचं शेत दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. मामांची संत्र्याची बाग वरुडकडे. जिल्हा एकच, अमरावतीला बस बदलून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत पोहोचतो. पण आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे आणि पिकाला दिलं तर जमीन चोपण होई. मामांकडे आंबिया बहार धरायचा की मृग, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चाले. आमच्याकडे पावसाळा सरला की उरलेल्या ओलीवर हरभरा पेरायचा आणि वाट बघायची. आई दिवाळीला माहेरी जाऊन आली की दोन दिवस घरात कोणी फारसं बोलत नसे. बाबांनी मामांपेक्षा कमी कष्ट केले नाहीत. तरी सोयरिकीत, पंगतीत त्यांच्या नावामागे एक लहान आकडा चालत यायचा, आणि स्वतः बाबाही तो आकडा म्हणजेच आपली किंमत समजत. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पुढे मी अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकायला गेलो. तिथे पहिल्यांदा कळलं की तुलना करणं किती अवघड काम आहे. कपाशीची दोन वाणं ताडून बघायची तर जमीन एक हवी, पेरणीचा दिवस एक हवा, खत-पाणी सारखं हवं. एकाच शेतातही माती बदलते, म्हणून तेच वाण तीन-चार ठिकाणी जागा बदलून पेरायचं. एवढं करूनही उताऱ्यातला फरक ठरावीक मर्यादेच्या आत आला, तर तो फरक धरायचाच नाही. प्रक्षेत्रावर उभा राहून मी बाबांचा विचार करायचो. सरकीच्या दाण्याला मिळणारा हा न्याय त्यांना कधी मिळाला नव्हता.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की स्वतःला जोखायला दुसरं माप हाती नसलं की माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसाकडे. हे आमच्या गावाला चपखल लागू पडतं. मुंबईतल्या कोट्यधीशाचं इथे कोणाला काही वाटत नाही. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टर मात्र झोप उडवतो. पण आपल्यासारखा म्हणजे कोणता? जात तीच, वय तेच, एकर तेवढेच, एवढं बघून आपण माणसं एका ओळीत उभी करतो. पाणी जमिनीखाली असतं, ते कोणाला दिसत नाही.

ज्या मामांशी बाबांना ताडून पाहिलं जाई, ते तरी कुठे निवांत होते? वरुड-मोर्शीकडे एकाने बोअर मारली की शेजारी त्याहून खोल जातो, मग पहिला आणखी खोल. हा भाग भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जाऊ लागला, उन्हाळ्यात बागा टँकरने जगवायची पाळी आली. शेजाऱ्याशी बरोबरी करताना मन पोखरतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण इथे तिने सगळ्यांच्या मालकीचं पाणीच उपसून टाकलं.

१८७६ साली शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा मुर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामांच्या शेतात राबत वाढले. सावकाराच्या हाती जमीन कशी जाते ते त्यांनी घरातच पाहिलं होतं. मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं, आणि पुढे जन्मभर कीर्तनातून कर्ज काढून लग्न-सण करू नका म्हणून विनवलं. मला वाटतं, त्यांना दुखरी नस नेमकी सापडली होती. त्यातलं कितीतरी कर्ज भुकेपोटी काढलेलं नव्हतं; आपली पंगत शेजाऱ्याच्या पंगतीपेक्षा उणी दिसू नये म्हणून काढलेलं होतं.

आता पंगतीची जागा फलकांनी घेतली आहे. अकोल्यातल्या शिकवणी वर्गांबाहेर मुलांचे फोटो आणि खाली ७२० पैकी मिळालेले नीटचे गुण. घरातलं दहावी पास झालेलं पहिलंच पोर कोणतं, हे त्या फलकावर कुठेही लिहिलेलं नसतं.

दुसऱ्याकडे बघूच नये, असं मी म्हणणार नाही. शेतीशाळेत एकाच शिवारातले शेतकरी एकमेकांच्या वावरात फिरतात, बोंडअळीचं काय केलंस, सऱ्या कधी पाडल्यास, हे विचारतात. तिथे कोणाची मान खाली जात नाही.

बाबांच्या उतारवयात आम्ही शेततळं खोदलं. पावसाचं गोड पाणी साठलं आणि हरभऱ्याला पहिल्यांदाच एक ओलीत देता आलं. झडती मामांच्या भागातल्या माणसाला सांगण्याजोगी नव्हती. आमच्या वावरात मात्र तीस वर्षांत तेवढा हरभरा झाला नव्हता. बाबांनी तो आकडा कोणालाच सांगितला नाही.

या दिवाळीत कोणी भेटलं तर एकरी किती झडलं ते अवश्य विचारा. फक्त त्याआधी विहिरीला पाणी किती आहे आणि ते कसं आहे, एवढं विचारून घ्या. माझ्या बाबांना हे आयुष्यभरात कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.