श्रीहरिकोट्याचे अपयश आणि कर्तृत्वाचा प्रश्न

एखादे कर्म नेमके कोणाचे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी बहुधा एकेकट्या माणसाला समोर ठेवून विचारला आहे. शेकडो लोकांनी वर्षानुवर्षे मिळून केलेले कर्म फसते तेव्हा त्याचे कर्तृत्व कोणाकडे जाते, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. या दृष्टीने ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या आत्मकथनातील, म्हणजे मराठीत ‘अग्निपंख’ या नावाने वाचल्या जाणाऱ्या पुस्तकातील, श्रीहरिकोट्याच्या आठवणी मोलाच्या आहेत. 10 ऑगस्ट 1979 रोजी तेथून उडालेले एसएलव्ही-3 हे सुमारे 17 टन वजनाचे, चार टप्प्यांचे प्रक्षेपण यान, म्हणजे उपग्रहाला कक्षेत नेऊन सोडणारा अग्निबाण, 317 सेकंदांनी बंगालच्या उपसागरात कोसळले. या मोहिमेचे संचालक कलाम होते.

चौकशीत कारण सापडले. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या नियंत्रण यंत्रणेतील नायट्रिक आम्ल, जे इंधनाच्या ज्वलनासाठी ऑक्सिजन पुरवते, ते बरेचसे गळून गेले होते, कारण उलटगणतीत आठ मिनिटे उरली असताना मिळालेल्या पहिल्या आज्ञेनंतर त्याची झडप आत अडकलेल्या कचऱ्यामुळे उघडीच राहिली. तंत्रज्ञांच्या दृष्टीने प्रश्न येथे सुटला. कलामांनी मात्र हे निष्कर्ष मांडले गेले त्या बैठकीत उठून सांगितले, की गळती उड्डाणापूर्वी लक्षात आली होती, ती किरकोळ ठरवण्याचा निर्णय आपला होता आणि म्हणून अपयशही आपले आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार असलेला देह, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना चेष्टा म्हणजे व्यापार, आणि दैव, आणि इतके असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा निर्वाळाही लगोलग दिला आहे. ही मांडणी सामुदायिक कर्माला लावली, तर झडप साधनांत मोडते, तंत्रज्ञांची कामे व्यापारांत, आणि कचऱ्याला दैव म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. शांकरभाष्यात येथील दैवाचा अर्थ इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता असा केला आहे. शिवाय पुढच्या खेपेस जो दोष स्वच्छतेने टाळता येतो, तो नशिबाच्या माथी मारणे म्हणजे चौकशी अर्ध्यावर सोडणे होय.

मग कलामांचे विधान गीतेच्या आक्षेपास पात्र ठरते काय? तसे वाटत नाही. इतर कारणे नाकारून त्यांनी ते केलेले नाही. त्या कारणांच्या साखळीत ज्या एका जागी माणसाला वेगळे वागता आले असते, ती जागा आपली होती, एवढेच त्यांनी म्हटले. कारण शोधावे लागते, जबाबदारी स्वीकारावी लागते, आणि पहिले पूर्ण झाले म्हणून दुसरे आपोआप घडत नाही. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सतीश धवन यांनी तर पत्रकारांसमोर अपयश स्वतःकडे घेतले, आणि 18 जुलै 1980 रोजी त्याच प्रकारच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोचवला तेव्हा बोलायला कलामांना पुढे केले. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्या लोकसंग्रहावर, म्हणजे समाजाची घडी राखून त्याला मार्गावर ठेवण्याच्या कर्तव्यावर, भर दिला, त्याचे हे संस्थात्मक रूप म्हणता येईल: वडीलधाऱ्याने ढाल व्हायचे, ते हाताखालच्यांना पुन्हा काम करता यावे म्हणून.

यात एक धोका आहेच. वरिष्ठाच्या उदारतेखाली इतरांचे दोष झाकले जाऊ शकतात. धवन यांची कबुली चौकशीच्या आधी आली होती, पण तिच्यामुळे चौकशी थांबली नाही आणि झडपेतील दोष नोंदवला गेला. वरिष्ठाने कबुली दिली, एवढ्यावर चौकशी गुंडाळणाऱ्या संस्थांनी श्रीहरिकोट्याचा दाखला देऊ नये.