हजाराव्या पावलाचा पत्ता

१९०४ साली स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉख यांनी एक वक्ररेषा मांडली. रेषेचे तीन सारखे भाग करायचे, मधला पुसून तिथे दोन बाजूंचं टोक उभं करायचं, मग त्या चारही तुकड्यांवर हेच, पुन्हा हेच, अखंड. शेवटी जी रेषा उरते ती कुठेही तुटत नाही, पण तिला एकाही बिंदूपाशी स्पर्शिका काढता येत नाही. ती निघालीय कुठे, हे कुठल्याच ठिकाणी विचारायची सोय नाही. असल्या बेशिस्तीची फ्रान्सचे गणिती हर्मीत यांना तर आधीपासूनच धास्ती. १८९३ च्या एका पत्रात त्यांनी ती बोलून दाखवली होती.

आज ही रेषा उलटीकडून बघू. बारीक होत आत शिरायचं नाही. पाऊल एका मापाचं ठेवायचं आणि आकृती बाहेर वाढू द्यायची. जमीन कसली? ‘१५ ते ८’ ठिपक्यांच्या रांगोळीची, जिथे आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी असतात. पत्त्यातला पहिला आकडा उजवीकडची घरं सांगतो, दुसरा ६० अंशांत तिरकं वर चढणारी. (०,०) पासून निघालो की (१,०), (१,१), (२,०), (३,०). सोळावं पाऊल (९,०) वर, चौसष्टावं (२७,०) वर. ना अपूर्णांक, ना वर्गमूळ.

हजारावं? त्यासाठी आधीची ९९९ चालावी लागत नाहीत. १००० ही संख्या चारच्या पायावर लिहायची: ३३२२०. डावीकडून या अंकांची वजनं ८१, २७, ९, ३, १. अंक ३ असला की वजनाच्या दुप्पट सरळ पुढे, म्हणजे १६२ आणि ५४; आपण (२१६,०) वर. त्यानंतरचा २ नऊ घरं उजवीकडे नि नऊ वर नेतो, (२२५,९), आणि जाता जाता वाट घड्याळाच्या काट्यासारखी ६० अंश वळवतो. त्यामुळे पुढच्या २ ची भर (६,−३). शून्य जागचं हलवत नाही. पत्ता: (२३१,६).

दिशा हरवलेल्या रेषेचा हा हिशेब इतका चोख निघावा, हे मला तिच्या सुंदर चित्रापेक्षाही जास्त आवडतं. हर्मीत यांची धास्ती खोटी नव्हती. फक्त त्यांनी दिशा विचारली, पत्ता नाही.

आणि १००१ वं पाऊल? दोन २ मिळून वाट १२० अंश वळलेली आहे, म्हणून ते तिरकं खाली पडतं: (२३१,५).