उपवास आहे म्हण

आमच्या भागात ‘नको’ म्हणायचे दोन प्रकार आहेत. त्यातला एकच चालतो.

चालणारा प्रकार असा. कुणाच्याही घरी गेलात, समोर पोह्यांची बशी आली, की म्हणायचं, “एकादशी आहे मला.” बशी लगेच मागे जाते. घरची बाईच ओशाळते, “अगं बया, ध्यानातच राहिलं नाही बघा,” म्हणते आणि दोन केळी आणून ठेवते. चमचाभर खाल्ल्यानं काय बिघडतंय, असं कुणीही विचारत नाही. मोडनिंब हे कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेमार्गावरचं गाव. पंढरीची वाट इथून जाते, घराघरात माळकरी आहेत. एकादशी हा शब्द उच्चारला की विषय तिथंच संपतो.

न चालणारा प्रकार माझ्या भाचीचा. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला सिलिअ‍ॅक आजार आहे. गहू आणि जव यांच्यात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरावरची बारीक लव सपाट होत जाते, अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, वाढ खुंटते. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लूटेन टाळणं हा एकच उपाय. आणि टाळणं म्हणजे नुसती चपाती सोडणं नव्हे. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. 20 मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही धड येणार नाही इतकं.

एवढं सगळं ती पोर कुठं सांगत बसणार? ती म्हणते, “मला गहू चालत नाही.” त्यावर उत्तरं ठरलेली असतात. “खा की गं थोडं, काय हुतंय?” “आमच्या वेळी नव्हते असले आजार.” “एवढ्याशा तुकड्यानं काय होणार?” आणि कुणीतरी अगदी मायेनं शंकरपाळी तिच्या हातात कोंबतंच.

ह्या दोन ‘नको’ एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या त्या दिवाळीत. आश्विन वद्य एकादशीला रमा एकादशी म्हणतात. ती वसुबारसेच्या तोंडावर येते, म्हणजे नेमकी फराळाची कढई तापलेली असते तेव्हा. माझी आजी, म्हणजे भाचीची पणजी, गळ्यात माळ असलेली. तिची एकादशी कधी चुकलेली नाही. त्या दिवशी घरात चकल्या, करंज्या, रव्याचे लाडू, आणि त्यातलं काहीच ह्या दोघींना चालत नाही. मी ठरवलं, दोघींना एकाच डब्यातून खाता येईल असं काहीतरी करायचं. बाहेरच्या देशांत नाताळाला मधोमध जॅम भरलेली छोटी बिस्किटं करतात, तशी. पण धान्याशिवाय.

धान्याशिवाय का, तर दोघींची पथ्यं वेगळी आहेत. भाचीला ज्वारी, बाजरी, तांदूळ सगळं चालतं. त्यात ग्लूटेन नसतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या जिल्ह्यात जन्मली हे त्या पोरीचं नशीबच, कारण भाकरी आमच्याकडे रोजचीच. पण आजीला एकादशीला ज्वारी चालत नाही. दोघींना चालेल असं उरतं ते उपवासाच्या डब्यातलं: राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, तूप, साखर, फळं.

एक वाटी राजगिऱ्याचं पीठ, एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्ध्या वाटीला थोडं कमी तूप, वेलची, आणि गोळा वळेल इतपतच दूध. लहान गोळे करायचे, मधोमध अंगठ्यानं खळगा करायचा, त्यात पेरूचा जॅम. पेरूत पेक्टिन भरपूर असतं. गर गाळून साखर आणि लिंबू घालून आटवला की बाहेरचं काही न घालता घट्ट होतो. 170 अंशांवर पंधरा-सतरा मिनिटं. ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ द्यायची, कारण ग्लूटेन नसल्यानं धरून ठेवणारं काही नसतं आणि गरम असताना हात लावला की भुगा होतो.

कृती सोपी आहे. अवघड होतं ते सामान जमवणं. बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचा स्टार्च असतो, म्हणजे आजीला चालत नाही. विकतच्या आयसिंग शुगरमध्येही बऱ्याचदा तोच. म्हणून साखर घरीच दळली. राजगिऱ्याचं तयार पीठ कुठल्या चक्कीवर दळलंय, तिथं आधी गहू दळला होता का, हे पाकिटावरून नेहमी कळत नाही. म्हणून अख्खा राजगिरा आणून निवडला आणि मिक्सरमध्ये फिरवला. दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तिथं मैदा हवेतच उडत असतो. म्हणून घरचा छोटा ओव्हन. चिवड्याचा तर प्रश्नच नव्हता: बाजारातल्या बांधणी हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असू शकतं, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

ह्या खटाटोपात एक गोष्ट लक्षात आली. आजीसाठी जी काळजी घ्यायची, ती कुणाला सांगावी लागली नाही. उपवासाची कढई वेगळी, डबे वेगळे, चमचा त्यात बुडवायचा नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. भाचीसाठी नेमकं तेच हवं होतं, आणि ते प्रत्येकाला तीन-तीनदा सांगावं लागलं.

बिस्किटं झाली. आजीनं एक खाल्लं, हसली, “एकादशी अन् दुप्पट खाशी,” म्हणाली आणि दुसरं घेतलं. भाचीनं हातात घेऊन आधी विचारलं, “मामा, हे माझं वेगळं आहे का सगळ्यांचं?” सगळ्यांचं, म्हटल्यावर खाल्लं. मग आजी तिला जवळ घेऊन म्हणाली, “आता कुणी आग्रह केला की सांगत बसू नको. उपवास आहे म्हण.”

सल्ला बिनतोड आहे. तो हमखास चालेल, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं. मला मात्र तो सल्ला चालतो याचीच टोचणी लागली. खरं सांगितलं तर मुलीचं ऐकत नाहीत आणि खोटं सांगितलं तर लगेच ऐकतात. असं का?

पहिलं उत्तर, नियमाची कडकपणा. पण ते टिकत नाही. उपवासाचा नियम घराघरात बदलतो. कुणाकडे कोथिंबीर चालते, कुणाकडे नाही. वरई आपण बिनदिक्कत उपवासाला खातो, आणि वरई म्हणजे ज्वारी-बाजरीसारखंच गवताचं बी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्या व्रतात शिरला त्याला फार काळ झालेला नाही. म्हणजे नियम माणसांनी ठरवलेला, सोयीनं वाकणारा, तरीही आपण तो काटेकोर पाळतो. आतड्याचा नियम मात्र मोडनिंबात, मुंबईत, जगात कुठंही तोच आहे. आणि त्यालाच आपण फाटे फोडतो.

दुसरं उत्तर, व्रत स्वतःच्या इच्छेनं घेतलेलं असतं, म्हणून त्याचा मान. यात तथ्य आहे. स्वतःवर बंधन घालून घेणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटणं चांगलंच आहे. पण यातून उलटा निष्कर्ष कसा निघतो, की जिला निवडीची संधीच मिळाली नाही तिचं बंधन हलकं? खरं तर आजीची एकादशी एखाद्या वेळी राहिली तर विठोबा समजून घेईल, असं आजी स्वतःच सांगते. आतडं समजून घेत नाही.

तिसरं उत्तर मला जास्त खरं वाटतं, आणि ते आपल्या पाहुणचारात आहे. आपल्याकडे आग्रह म्हणजे माया. वाढलेलं नाकारलं तर वाढणाऱ्याचा हात नाकारला, असं वाटतं. उपवास ह्या पेचातून दोघांनाही सोडवतो. खाणारा तुम्हाला नाही म्हणत नाही, देवामुळे थांबलेला असतो. आजाराचं तसं नाही. तिथं समोर फक्त एक माणूस उभा असतो आणि त्याचं नुसतं म्हणणं. आपण ‘नको’ला मान देत नाही, ‘नको’च्या मागे कोण उभं आहे त्याला देतो. मागे देव असला की ऐकतो, डॉक्टर असला तर वाद घालतो, आणि नऊ वर्षांची मुलगी एकटीच असली तर तिच्या हातात शंकरपाळी देतो.

माया खरी असते, यात शंका नाही. पण माया खरी असली म्हणून घास निरुपद्रवी होत नाही. ह्या आजाराचा गव्हाशी संबंध विलेम डिके ह्या डच बालरोगतज्ज्ञानं शोधला. दुसऱ्या महायुद्धात 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना. सगळा देश उपाशी असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती, आणि ब्रेड परत आल्यावर ती पुन्हा खालावली. डिकेला संशय आधीपासून होता. 1950 साली त्यानं प्रबंधातून तो मांडला. तोवर ज्यांनी आजारी लेकराला आधी ब्रेड भरवला असेल, ते आई-बापच असणार.

आणखी एक फरक आहे, तो बोलायला अवघड आहे. उपवास करणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. आजारी मुलीचं लपवलं जातं. “पोरीची जात आहे, उगीच गावभर सांगू नका, उद्या लग्नाला अडचण येईल,” हे भाचीच्या आईला एकाहून अधिक जणांनी ऐकवलंय, तेही काळजीनंच. त्यामुळे ‘उपवास आहे म्हण’ ह्या सल्ल्यात सोय तर आहेच, शिवाय झाकणंही आहे.

मग तिनं खोटं बोलावं का? माझ्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, बहुसंख्य लोकांसाठी गोष्ट तयार झाली की उरलेल्यांना ‘एज केस’ म्हणतात. त्यांच्यासाठी कुणीतरी पळवाट शोधतं, ती चालते, आणि चालते म्हणूनच मूळ दुरुस्ती कधी होत नाही. खोट्या उपवासाचं तसंच होईल. शिवाय ती पळवाट तिला पुरतही नाही. उपवास म्हटल्यावर लोक साबुदाणावडा आणून देतील, आणि तो सकाळी पुऱ्या तळलेल्या तेलातला आहे का, हे उपवासवाली मुलगी कशी विचारणार? आणि रोज कुठला उपवास असतो? सगळ्यात वाईट म्हणजे तिला कळेल की आपल्या अंगाबद्दल आपण खरं बोललो तर ते पुरेसं नसतं. मुलीनं नऊ वर्षांची असताना हे शिकू नये. आज गोष्ट खाण्याची आहे. पुढे तिला आणखी कितीतरी ठिकाणी ‘नको’ म्हणावं लागणार आहे.

तरीही, उद्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत ती एकटी सापडली, चार बायका ताटात वाढायला वाकल्या आणि ती “उपवास आहे” म्हणाली, तर मी तिला रागावणार नाही. त्या खोट्याचा हिशेब तिच्या नावावर लागत नाही. खरं ऐकून न घेणाऱ्यांच्या नावावर लागतो. एवढंच की घरच्या मोठ्या माणसांनी तिला ते शिकवून आपली सुटका करून घेऊ नये. हे आजीलाही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग मीच सांगत जाईन की.” त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः सांगते, एकादशीच्याच आवाजात: हिला गहू नाही.

मला वाटतं, करायचं ते एवढंच आहे, आणि त्यासाठी नवं काही शिकायला नको. वेगळी कढई, वेगळा डबा, चालतं-चालत नाहीचा हिशेब, न विचारता थांबणं, हे सगळं आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. उपवासानं ते शिकवून ठेवलंय. येत्या दिवाळीत तुमच्या घरी एखादं मूल येईल आणि “मला चालत नाही” म्हणेल. का, कधीपासून, थोडं तरी, असं काही विचारू नका. काय चालतं ते विचारा, आणि पीठ कुठं दळलं ते त्याच्या आईला आपणहून सांगा.