रडून मोकळं कोण होतं?

चौसाळ्यात काय अन् दुसरीकडं काय, आपली पोरं नाटक बसवायला लागली की मी एकच विचारतो : बघणाऱ्याला रडवायचंय का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. जेवढं रडू, तेवढं नाटक भारी. मला हे पटत नाही.

ह्या रडण्याचं शास्त्र जुनं आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सला टेकडीच्या उतारावर हजारो लोक नाटक बघायला बसत. पुढच्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलनं सिद्धांत मांडला : शोकांतिका करुणा अन् भीती जागी करते आणि त्यांचा निचरा करते. पण नायक कोण? मोठ्या घराण्यातला, नामवंत. गुलामाला तर ह्याच अ‍ॅरिस्टॉटलनं ‘जिवंत अवजार’ म्हटलं. अवजार मोडलं तर रडायचं कुणी? रंगमंचावर गुलामाचा मुखवटा होता. आत स्वतंत्र पुरुष होता.

युरोपात हा पायंडा लई टिकला. ब्यूखनरनं १८३६-३७ साली ‘वॉयझेक’मध्ये एक गरीब शिपाई शोकांतिकेच्या मधोमध उभा केला. ते रंगमंचावर यायला १९१३ साल उजाडलं. मग ब्रेख्तनं मुळावरच घाव घातला : प्रेक्षकानं रडून मोकळं होऊ नये, जग असं का ते विचारावं.

पण मित्रांनो, ब्रेख्त जन्मला १८९८ साली. जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं १८५५ साली! जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. विदूषक मधेच बोलून ती लबाडी उघडी पाडतो. शेवटी नवरा-बायको रडत बसत नाहीत, शाळेत शिकायला निघतात. दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं. नुसतं रडवणारं असतं तर कदाचित बक्षीस मिळालं असतं.

कुणी म्हणेल, करुणा वाईट का? नाही. बुद्धानं करुणा शिकवली, पण प्रज्ञेसोबत. नुसती करुणा सवर्ण प्रेक्षकाला स्वस्तात पडते. तिकीट काढतो, डोळे पुसतो, अन् घरी आपला कप वेगळाच ठेवतो. आपल्या दुःखात त्याचं पाप धुऊन निघतं. आपण काय त्याची गंगा आहोत?

अन् वस्तीतला आपला माणूस? त्याचं दुःख त्याला नव्यानं काय दाखवायचं? त्याला वाट दाखवायची. भीमराव कर्डकांच्या जलशानं तेच केलं.

म्हणून नाटक लिहिलं की शेवटचा प्रवेश तपासा. प्रेक्षक हलका होऊन उठतोय, की काही करायचं ओझं घेऊन? हलका होऊन उठत असेल तर तो प्रवेश फाडा अन् परत लिहा.