युवकाची ओळख आणि आपले सत्यव्रत



युवा शिबिरात प्रश्नोत्तराच्या तासाला बिननावाच्या चिठ्ठ्या येतात. अभ्यासात मन लागत नाही, राग आवरत नाही, मोबाईल सुटत नाही, असे बहुतेक प्रश्न. पण एखादी चिठ्ठी अशीही असते: 'मला मुलींऐवजी मुलांविषयी ओढ वाटते. मी काय करू?' ती वाचली जात नाही, बाजूला ठेवली जाते. लिहिणारा समोरच बसलेला असतो आणि चिठ्ठी बाजूला गेलेली त्याला दिसते. आपल्या मार्गात सत्याला एवढे महत्त्व असताना या एका सत्यापुढे आपण गप्प का होतो, याचा विचार आज आपण मिळून करू या.

आधी शब्दाकडे पाहू. 'सेक्शुअल ओरिएंटेशन'चे भाषांतर पुष्कळ ठिकाणी 'लैंगिक पसंती' असे केलेले आढळते. अनुवाद करताना मला हा शब्द नेहमी खटकतो. पसंती म्हटली की दुकानातले कापड डोळ्यांपुढे येते, आज हे आवडले, उद्या ते. 'कल' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. जमिनीचा कल शेतकऱ्याने ठरवलेला नसतो, त्याने तो फक्त ओळखायचा असतो.

मानसशास्त्राचा अभ्यासही याच दिशेने जातो. मार्था मॅक्लिंटॉक आणि गिल्बर्ट हर्ड्ट यांनी 1996 मध्ये असे मांडले की पहिले आकर्षण साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास जाणवू लागते, मग ते भिन्नलिंगी असो वा समलिंगी. आपण कोण आहोत हे स्वतःशी मान्य करायला आणि घरी सांगायला मात्र बहुतेकांना त्यानंतर कितीतरी वर्षे लागतात. ही मधली वर्षे ते मूल एकटेच काढते. वर्गात हसते, आरतीला उभे राहते, आणि आपल्याला काही कळत नाही.

हा आजार आहे का? एव्हलिन हूकर यांनी 1957 मध्ये 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल, ओळख लपवून, तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कोणत्या गटातला हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये, आणि 2018 मध्ये आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही हा मनोविकार नाही असे स्पष्ट केले. 2019 मध्ये जवळजवळ पाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी वर्तन ठरवणारे एकच जनुक असे काही सापडले नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव दिसला आणि त्याखेरीजही बरेच काही. म्हणजे कारणाचे कोडे पूर्ण सुटलेले नाही. काहींचा कल आयुष्याच्या ओघात सरकतो, हेही लिसा डायमंड यांनी स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासातून दाखवले आहे. पण आपोआप सरकणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हुकमाने सरकवणे वेगळे.

इथे रॉबर्ट स्पिट्झर आठवतात. 1973 च्या निर्णयात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनीच, प्रयत्नाने कल बदलता येतो असे सुचवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. तो जगभर वापरला गेला. 2012 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, आपल्या अभ्यासातून तसा निष्कर्ष निघत नव्हता असे मान्य करून त्यांनी समलिंगी व्यक्तींची जाहीर माफी मागितली. सत्यव्रत म्हणतात ते असे.

आता साधक म्हणून आपल्या मनात येणारे उत्तर: 'साधना वाढवा, जप करा, सगळे ठीक होईल.' साधनेने चित्त स्थिर होते, भीती कमी होते. पण मुलाला असे सांगताना आपण त्याला काय शिकवतो ते पाहा. जप करूनही ओढ तशीच राहिली की त्याला वाटते, देवानेही मला नाकारले. मग तो माळ खाली ठेवतो, कधी जीवनच संपवायला निघतो. केटलिन रायन यांनी 2009 मध्ये 224 समलिंगी आणि उभयलिंगी तरुण-तरुणींचा अभ्यास मांडला. ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, फारसा नकार न मिळालेल्यांच्या तुलनेत आठपटींहून अधिक होते. अभ्यास अमेरिकेतला आहे, पण आईवडिलांच्या शब्दाचे वजन आपल्या घरांत कमी असते असे कोण म्हणेल? त्याच रायन यांनी पुढे श्रद्धाळू कुटुंबांसाठी पुस्तिका तयार केल्या. त्या कुटुंबांना धर्म सोडा असे कोणी सांगितले नाही, मुलाला सोडू नका एवढेच सांगितले.

कोणी म्हणेल, 'पण ब्रह्मचर्य?' संयमाचा उपदेश जरूर करावा. तो सर्व युवकांना सारखा करावा. एकाला संयम आणि दुसऱ्याला लाज, असे वाटप यम-नियमांत कुठेच नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट लग्नाची. 'एकदा दोनाचे चार हात झाले की सुधारेल' हा सल्ला सज्जन, प्रेमळ माणसेच देतात, म्हणून तो अधिक धोक्याचा. त्या मांडवात एक मुलगी उभी असते जिला काहीच सांगितलेले नसते. तिचे आईवडील कर्ज काढतात. ती पुढची दहा वर्षे 'माझ्यात काय कमी आहे?' हेच विचारत राहते. मुलगी समलिंगी असेल तर हेच जावयाच्या वाट्याला येते. पतंजलींनी यमांत अहिंसा, सत्य आणि अस्तेय लागोपाठ ठेवले आहेत. या एका सल्ल्यात तिन्ही मोडतात. दुसऱ्याच्या लेकीची वर्षे तिला न विचारता घेणे ही चोरीच आहे, मंगलाष्टके म्हणून घेतली तरीही.

एरिक एरिकसन यांनी तारुण्याचे मुख्य काम स्वतःची ओळख घडवणे हे सांगितले. जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये त्यात भर घातली: काही युवक शोध न घेताच दुसऱ्याने दिलेली ओळख स्वीकारून मोकळे होतात. बाहेरून ते फार समंजस दिसतात. आपल्या केंद्रातील 'आदर्श' मुलांकडे पाहताना मला कधीकधी हे आठवते. 'मी कोण?' हा प्रश्न आपण रोज ध्यानात विचारायला सांगतो. मग एखाद्याने प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर आधीच ठरलेले कसे असेल?

आपल्या घरी मुलाने किंवा मुलीने हे सांगितले, तर त्याच दिवशी सर्व समजलेच पाहिजे असे नाही. आईवडिलांनाही रडू येते, झोप लागत नाही. पण त्या संध्याकाळी ताट नेहमीसारखे वाढा. नातेवाइकांना कळवण्याची घाई करू नका, ते सांगण्याचा हक्क त्याचा आहे. समुपदेशकाकडे जायचे असेल तर आधी विचारून घ्या. कल बदलून देतो असे म्हणणाऱ्याकडे पाऊल टाकू नका. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. मन फार जड झाले तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस असते, तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.